हैबतरावांचा डावा डोळा

३० मार्च, गुढीपाडवा

नवं वर्ष, नवी रोजनिशी. नियम एकच: खरं लिहायचं. वाचणारा मीच, तेव्हा खोटं लिहून कोणाला फसवणार?

संकल्प. उद्यापासून फूलबागेपर्यंत पायी. शिकाऊ लोकांवर ओरडणं बंद. आणि डोळ्याचा विषय बंद. दिवाळीपासून या घरात दुसरा विषयच नाही.

नोंदीपुरतं लिहितो. डावा डोळा लाल असतो. दुखत नाही. वाळूचा कण गेल्यासारखा खुपतो आणि सकाळी जरा चिकटतो. बस्स. आज श्रीखंड वाढताना लीला परत म्हणाली की अहो, एकदा दाखवून या. मी वाटी हातात धरूनच तिला टीव्हीच्या वरचं चित्र दाखवलं. सरदार हैबतराव जाधव, आमच्या आजोबांचे पणजोबा. तेलरंगातलं चित्र आहे. डोक्याला पगडी, कमरेला तलवार आणि डावा डोळा लालभडक. जगदेवदादा म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ, घराण्याचा सगळा इतिहास त्यांना तोंडपाठ. ते सांगतात की एका लढाईत हैबतरावांच्या डोळ्यात रक्त चढलं ते पुन्हा उतरलंच नाही. तेव्हापासून घराण्यात पिढ्यांमागून एखाद्यालाच असा डोळा मिळतो. दादांना स्वतःला मोतीबिंदू मिळाला. डोळा माझ्याकडे आला.

लीला म्हणाली की हैबतराव जगले किती वर्षं तेही विचारा दादांना. सणासुदीला असं बोलू नये.

४ एप्रिल

फूलबाग अजून नाही. पहिल्या दिवशी बूट चावला. नंतर परीक्षा संपल्या, स्कूलला गर्दी झाली. हैबत मोटर ड्रायव्हिंग स्कूल, हजीरा. तीस वर्षं. शिकाऊ उजवीकडे, मी डावीकडे. माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक. अर्ध्या ग्वाल्हेरने गाडी माझ्या ब्रेकच्या भरवशावर शिकलीय.

आज एका पोराने क्लचऐवजी रेस दाबली. ओरडलो. पण हा संकल्पाच्या आधीचा राग होता, धरायचा नाही.

गुप्ताजींच्या मेडिकलमधून डोळ्यात टाकायचे थेंब आणले. गुप्ताजी म्हणाले की भाईसाहब, कुछ नहीं, एलर्जी है, तीन दिन डालिए. बाटलीवर डॉक्टरच्या सल्ल्याने असं छापलंय. गुप्ताजी इतकी वर्षं औषधं विकतायत, अर्धे डॉक्टर समजायला हरकत नाही.

७ एप्रिल

चमत्कार! डोळा पांढरा. लीलाने देवापुढे साखर ठेवली. मी मात्र दिवसभर जरा उदास. जाता-येता हैबतरावांकडे बघत होतो. त्यांचा लाल, माझा पांढरा. घराण्याशी गद्दारी केल्यासारखं वाटलं.

थेंब बंद.

१२ एप्रिल

परत लाल. म्हणजे रक्त अस्सल आहे.

(रात्रभर खुपत होता हे लीलाला सांगितलेलं नाही.)

२८ एप्रिल

दाढी करताना दिसलं. बुबुळाच्या कडेला, कानाच्या बाजूला, पांढऱ्यावर काहीतरी आहे. शिजलेल्या साबुदाण्यासारखं. अर्धवट पारदर्शक, जरा उचललेलं. आणि त्याच्याकडे लाल शिरा चाललेल्या. बाकीच्या शिरा इकडेतिकडे भटकतात, या सरळ तिकडेच जातात. गावातले सगळे रस्ते बाड्याच्या चौकात जावेत तशा.

पापणी खाली ओढून पुन्हा बघितलं. होतं.

डोक्यात एक विचार आला. तो इथे लिहीत नाही. मनात आलेलं सगळंच खरं असतं असं नाही.

मग आरसा जरा खाली झुकवला. गाडीत बसलात की पहिलं काम आरसा नीट लावणं, हे मी सगळ्यांना शिकवतो. दाढीला हनुवटी आणि गाल दिसले की पुरे. डोळ्याची कोणी दाढी करत नाही.

लीलाने विचारलं की आरसा कुणी हलवला. म्हटलं खिळा सैल झालाय.

१९ मे

लू सुरू, नुसता गरम वारा आणि धूळ. सगळ्या शहराचे डोळे लाल. चहाच्या टपरीवर मोजून बघितलं तर दर दुसरा माणूस डोळे चोळतोय. मी एकटा नाही. फार बरं वाटलं.

काळा गॉगल घेतला. शिखा, आमची मुलगी, गुडगावच्या कंपनीचं काम घरी बसून करते. ती म्हणाली बाबा, एकदम हीरो लग रहे हो, पण डॉक्टरकडे कधी जाणार आहात, सच बताओ. मी म्हटलं बघू. ती म्हणाली बघू म्हणजे नहीं ना. ही मुलगी वकील व्हायला हवी होती.

संध्याकाळी वाईट झालं. गरिमा नावाची मुलगी शिकते, चांगली चालवते. वळताना डाव्या बाजूने ई-रिक्षा आली. डावी बाजू माझी. मी बघायचं, मी ब्रेक दाबायचा, हा करार. मला रिक्षा दिसलीच नाही. घासून गेली. कोणाला लागलं नाही, रिक्षावाल्याने आमच्या खानदानाचा उद्धार केला एवढंच. गरिमा रडायला लागली, म्हणाली सर, आपने बोला था लेफ्ट क्लियर है.

मी बोललो होतो खरं.

गरिमाला म्हटलं की आरशात बघायची सवय ठेव. घरी येऊन गॉगलच्या काचा धुतल्या. काचांचा दोष. स्वस्तातला माल असाच.

२१ मे

गॉगलशिवाय बघितलं. डावीकडे थोडं धुरकट आहे. धूळ.

११ जून

लीलाच्या हट्टापुढे मान तुकवली आणि डोळ्यांच्या एका डॉक्टरकडे गेलो. नाव लिहीत नाही, बिचाऱ्याची चूक नव्हती. का ते पुढे येईल.

पाहुणे यायचे असले की आपण घर आवरतो. चादर बदलतो, चपला कोपऱ्यात लावतो. तसं मी चार दिवस आधीपासून गुप्ताजींचे थेंब घातले. डोळा बऱ्यापैकी पांढरा करून नेला. पहिल्याच भेटीत घाणेरडा डोळा काय दाखवायचा? किती दिवस झाले विचारलं, म्हटलं आठ-दहा दिवस. काही औषध घातलं का विचारलं, म्हटलं छे. बाहेर इतकी गर्दी होती की भाजी मंडी बरी. त्यांनी बॅटरी मारली, म्हणाले एलर्जी है, धूल-धूप से बचिए, पूरा शहर खुदा पड़ा है. नवे थेंब लिहून दिले. गुप्ताजींचेच, फक्त नाव वेगळं.

बाहेर येऊन इतका आनंद झाला की लीलासाठी मोगऱ्याचा गजरा घेतला. डॉक्टर म्हणतात ॲलर्जी, गुप्ताजी म्हणतात ॲलर्जी, मी तर आधीपासूनच म्हणतोय. तिघांचं एकमत.

गजरा माळताना लीलाने विचारलं की दिवाळीपासून आहे हे सांगितलंत ना? म्हटलं सगळं सांगितलं.

१४ जुलै

थेंब घातले की पांढरा, सोडले की लाल. साबुदाणा तसाच. मोठा झालाय असं म्हणता येणार नाही, कारण मी बघत नाही.

फूलबाग: पाऊस.

३० ऑगस्ट

मराठी मंडळाच्या गणपतीला गेलो. गॉगल घालून आरती. लोकांना वाटलं मोठेपणा करतोय, वाटू दे.

तिथे अंतरा भेटली. बारावीत असताना माझ्याकडे गाडी शिकली. आता डोळ्यांची डॉक्टर होऊन कंपू भागातल्या एका हॉस्पिटलात लागलीय. शिकताना फार भित्री. रस्त्यावर पडलेल्या पतंगाच्या सावलीलाही ब्रेक मारायची. आमच्या मागच्या सगळ्या गाड्या हॉर्न वाजवायच्या. मी तिला म्हणायचो की बाळा, सगळंच काही संकट नसतं.

तिने नमस्कार केला आणि म्हणाली काका, गॉगल काढता का जरा? काढला. मग ती काही बोललीच नाही. मोबाइलचा दिवा लावून बघितला, मला वर बघा, उजवीकडे बघा म्हणाली. पापणी धरून ठेवली. मांडवात ढोल वाजत होता आणि ती गप्प. डॉक्टर माणसाने बोलावं. गप्प बसल्यावर समोरच्याने काय समजायचं?

किती दिवस, असं विचारलं. म्हटलं आठ-दहा. मागून लीला म्हणाली मागच्या दिवाळीपासून.

अंतरा म्हणाली काका, सोमवारी या. माझ्या नावाने या, नंबर लावू नका. हे नुसतं ॲलर्जीचं वाटत नाही मला.

घरी येताना लीला रिक्षात माझा हात धरून बसली. लोक काय म्हणतील म्हणून मी सोडवला. मग तिने परत धरला.

१ सप्टेंबर, सोमवार

गेलो नाही. लायसन्सच्या टेस्ट होत्या. त्या रद्द होत नसतात.

शिवाय ही मुलगी सावलीलाही ब्रेक मारते.

९ सप्टेंबर

पितृपक्ष. या दिवसांत कोणी नवं काम काढत नाही. सोनं घेत नाहीत, सोयरीक जुळवत नाहीत, मग डॉक्टर कसा चालेल? शिखा म्हणाली बाबा, ये क्या लॉजिक है, पितृपक्षात कोणाचा पाय मोडला तर प्लास्टर पण नाही का? मी म्हटलं परंपरा समजायला वय लागतं. ती उठून गेली. दार जरा जोरात लागलं.

अंतराचा लीलाला फोन आला होता. काय बोलल्या विचारलं नाही. लीलाचे डोळे लाल होते. ॲलर्जी घरात पसरली की काय.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री

तोंड धुताना उजव्या डोळ्यात साबण गेला. तो मिटला. उरला डावा.

डाव्याने बाथरूमचा बल्ब बघितला. बल्बला धुक्याचं कडं. नळ दोन.

तिथेच बादलीवर बसलो. उजवा उघडला तरी उठलो नाही. गाडी शिकवणाऱ्याला एक डोळा म्हणजे काय? आणि पुढे? एकच डोळा गेला तर? एकावरच थांबलं नाही तर? लीला दाराबाहेर कावळ्याचं पान वाढत होती, मला हाका मारत होती की अहो, या, पान ठेवायचंय. मी आतून हो हो म्हणत होतो.

मला भीती वाटते. फार भीती वाटते. पाडव्यापासून वाटते.

(हे पान नंतर फाडायचं आहे.)

२५ सप्टेंबर, नवरात्र

मार्ग सापडला. देवीला चांदीचे डोळे वाहायचे. आमच्या आजीने वडिलांना देवी आल्या तेव्हा वाहिले होते. सराफ्यात गेलो. मी म्हटलं फक्त डावा द्या. सराफ म्हणाला साहब, जोड़ी ही आती है. मी म्हटलं उजवा ठीक आहे, देवीला उगाच कशाला. त्याने जोडीच तागडीत टाकली. जोडी घेतली.

मांढरेच्या मातेला जायचं ठरलं. लीला लगेच तयार झाली, नवी साडी नाही, काही नाही. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. रिक्षावाल्याला म्हटलं माता की पहाड़ी. तो म्हणाला कैंसर पहाड़ी ना? बैठिए. सगळं ग्वाल्हेर त्या टेकडीला हेच म्हणतं, वर ते हॉस्पिटल आहे म्हणून. लोक तिथे सकाळी फिरायला जातात, मुलं अभ्यास करतात, कोणाला काही वाटत नाही. मी पण आयुष्यभर तेच म्हणत आलो. आज म्हटलं नाही, माता की. तो म्हणाला एक ही बात है बाबूजी.

दर्शन छान झालं. डोळे वाहिले. उतरताना रिक्षा कंपूत एका फाटकापाशी थांबली. मी म्हटलं इथे का? लीला म्हणाली उतरा. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या आवाजात ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. उतरलो.

फाटकात अंतरा उभी होती. आधीपासून ठरलेलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण चोर निघाली माझीच बायको.

मशीनवर हनुवटी टेकवायला लावली. अंतराने एक रंगीत थेंब टाकला. म्हणाली चांगल्या भागावरून रंग वाहून जातो. बघत बसली. मग म्हणाली काका, तुमच्या त्या जागेवर चिकटून बसलाय. जाणार नाही.

कोणते थेंब घातले विचारलं. या वेळी सांगितलं. गुप्ताजी, दुसरे डॉक्टर, आवरून नेलेला डोळा, सगळं. ओरडेल वाटलं. ओरडली नाही. म्हणाली या थेंबांनी वरची लाली जाते काका, खालचं तसंच राहतं. झाकलं जातं फक्त. मग विचारलं गाडीत तुम्ही कुठल्या बाजूला बसता? म्हटलं डावीकडे. खिडकी? माझी डावी. ऊन? तीस वर्षं, इथलं ऊन. तिने मान हलवली. म्हणाली ऊन हे एक कारण असू शकतं.

मग तो शब्द बोलली. शंका आहे म्हणाली, काढून तपासल्यावरच कळेल. बहुतेकदा असं वरवरच असतं, काढता येतं. खोल गेलं तर मग डोळाच काढावा लागतो. म्हणून आता थांबायचं नाही. हे सगळं ती मला एका दमात बोलली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसली. हीच मुलगी गिअर बदलताना डोळे मिटायची.

मी विचारलं की घराण्यातलं असू शकतं का. हैबतरावांचं सांगितलं. तिला हसू आलं नाही. म्हणाली चित्र बघितल्याशिवाय मी काय सांगू, पण काका, दोनशे वर्षांपूर्वी कोणाला असं असतं तर चित्र काढून घ्यायला बसण्याइतका तो बरा राहिला नसता.

ऑपरेशन तीन ऑक्टोबरला. दुसऱ्याच दिवशी करू म्हणत होती. मी म्हटलं दसरा होऊ दे. शस्त्रपूजा माझ्या हातची असते. तिने लीलाकडे बघितलं. लीला म्हणाली दसऱ्यानंतर एक दिवस पण नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

जे झालं ते क्रमाने लिहितो.

दरवर्षीप्रमाणे जगदेवदादा सकाळीच आले. पगडी, अंगरखा, जोडे. तलवार, कट्यार आणि स्कूलच्या गाडीची किल्ली पाटावर मांडली. आमच्यात रिवाज असा की घरच्या कर्त्या पुरुषाने ओल्या कुंकवात अंगठा बुडवून हैबतरावांच्या कपाळावर टिळा लावायचा. थेट चित्रावर. वडिलांनी लावला, आजोबांनी लावला, मी तीस-पस्तीस वर्षं लावतोय. चित्राला काच कधी लावली नाही. पूर्वजांना काचेआड ठेवत नाहीत असं दादा म्हणतात. चित्र पुसायची पण पद्धत नाही, फक्त चौकट पुसायची. मुखाला हात फक्त टिळ्याचा.

या वर्षी लीला मला स्टुलावर चढू देईना. उद्या ऑपरेशन, पडलात तर? शिखा चढली. चौकट पुसायला तिने माझ्या ऑपरेशनसाठी आणलेला कापूस घेतला, पाण्यात भिजवून. चौकट पुसताना म्हणाली बाबा, कितनी धूल है चेहरे पे. आणि कोणी नको म्हणायच्या आत तिने हैबतरावांच्या तोंडावरून कापूस फिरवला.

कापूस लाल झाला.

दादा ओरडले. शिखा घाबरून तशीच उभी. लाल कपाळावरून भुवईत, भुवईतून डोळ्याच्या कोपऱ्यात आणि तिथून सगळ्या डोळ्यात गेलं होतं. कुंकू. वर्षानुवर्षांचं ओलं कुंकू. टिळा जरा ओला लागायचा, ओघळायचा, डाव्या डोळ्यात जाऊन वाळायचा. पुढच्या दसऱ्याला वरून दुसरा. शिखाने वर बघत हळूच परत पुसलं. खालून डोळा निघाला. पांढरा स्वच्छ. साधा डोळा.

लीला तोंडाला पदर लावून उभी होती. दादा म्हणाले की चित्रकाराने लाल रंग कच्चा वापरला असेल. मग तेही खुर्चीत बसले आणि पगडी काढून मांडीवर ठेवली.

लढाई नाही, रक्त नाही. आमचेच अंगठे. आणि त्यातले शेवटचे कितीतरी माझे.

मग मी काय केलं ते लिहितो, नियम आहे म्हणून. शिखाच्या हातातून कापसाची स्वच्छ बाजू घेतली. बाथरूममध्ये गेलो. कडी लावली. खाली झुकवलेल्या आरशासमोर गुडघे वाकवून माझा डोळा पुसला. हळू, मग जरा जोरात. कापूस बघितला.

पांढरा.

बाहेर लीला दार वाजवत होती. या वेळी मी हो हो म्हटलं नाही. म्हटलं थांब, रडतोय.

४ ऑक्टोबर

काल झालं. एका डोळ्याने लिहितोय, ओळी उताराला लागल्यात.

पूर्ण भूल नव्हती, डोळ्यापुरतीच. डोळ्यावर हिरवं फडकं, दिवा, अंतराचा आवाज. दुखत नव्हतं पण कळत होतं सगळं. काढलं, मग कडांना काहीतरी बर्फाहून गार लावलं. मध्येच अंतरा म्हणाली काका, पाय सोडा. मला समजेना. म्हणाली उजवा पाय. तुम्ही पाय दाबताय, सगळं अंग ताठ झालंय.

मी ब्रेक शोधत होतो. टेबलाच्या टोकाला. तिथे ब्रेक नव्हता.

म्हटलं बाळा, तू चालव. माझा पाय काढला.

संकल्प: यापुढे तिने केव्हाही ब्रेक मारला तरी ओरडायचं नाही.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

रिपोर्ट आला. तोच शब्द. अंतराने समोर बसवून वाचून दाखवला. वरवरच होता, खोल गेलेला नाही. तीन बाजूंनी कडा साफ. एका बाजूला शंका. म्हणून आता वेगळे थेंब, पुष्कळ दिवस, आणि परत परत तपासणी. लीलाने विचारलं डोळा राहील ना? अंतरा म्हणाली सध्या तरी राहील, काकू. पण काका पाडव्याला आले असते तर मी हे ‘सध्या तरी’ म्हटलं नसतं.

गुप्ताजींना सांगितलं. बिचारे पांढरे पडले. म्हणाले भाईसाहब, मुझे क्या मालूम था. खरंय. मला मालूम होतं.

स्कूल सध्या बंद. हॉस्पिटलातून परत येताना गाडी शिखाने चालवली. मी मागे बसलो, आयुष्यात पहिल्यांदा. हजीऱ्यापर्यंत सारखा पाय दाबत होतो. तिने आरशातून बघितलं, हसली, म्हणाली बाबा, रिलॅक्स, मैं देख रही हूँ.

घरी आल्यावर तिने बाथरूममधला आरसा सरळ केला. खिळा घट्टच होता म्हणाली.

आता दुपारी पलंगावर पडून समोर हैबतराव. कुंकू गेल्यापासून मी त्यांच्याकडे नीट बघितलं नव्हतं. आज एका डोळ्याने बराच वेळ बघितलं. दोन्ही डोळे पांढरे, जरा मोठे उघडलेले. मूठ तलवारीवर, पण फार घट्ट. ओठ मिटलेले. लाल होतं तोवर कोणाच्या लक्षात आलं नाही. चित्र काढणाऱ्याने जसं दिसलं तसं काढलं होतं.

सरदार घाबरलेत.